थंड असतानाच बघ

पहाटेचे साडेपाच. नारीनमध्ये उणे एकतीस.
ऑडीचं बॉनेट उघडताना कुरकुरतं,
म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं, म्हणणार होते,
पण बाबा खिडकीत उभे आहेत.

टॉर्च टाकीच्या मागे धरायचा, समोरून नाही.
प्लास्टिक पिवळं पडलंय जुन्या नखासारखं,
समोरून बघितलं तर गाडी रिकामीच वाटते.
मागून उजेड आला की आत
एक निळी रेघ हलते.
खालच्या खुणेपासून अर्धं बोट खाली.

पहिल्या हिवाळ्यात मी घाबरले होते.
गळतंय कुठेतरी, म्हणून बर्फात पालथी पडून
गाडीखाली डाग शोधत होते,
श्वासाने रुमाल गोठला, गालाला चिकटला.
बाबा वरून म्हणाले, अगं, आकसलंय ते.
काठोकाठ भरशील, आणि दोलोनच्या चढावर
तापलं, फुगलं, की जागा मागेल.
तेव्हा कुठून देशील?

काल रात्री झाकणभर तोसोल
खिडकीबाहेर ठेवला होता,
जर्दाळूच्या मुरंब्याच्या झाकणात.
बोट बुडवून बघते. पातळच आहे, गोठला नाही.
बाजारातला तुरात पाणी मिसळतो म्हणतात सगळे,
आणि घेतात सगळे त्याच्याकडूनच.

बाबांच्या ट्रकमध्ये तोसोल नव्हता.
सामूहिक शेतीचा ट्रक, नदीचं पाणी.
रोज संध्याकाळी तोटी सोडून रिकामं करायचं,
रोज पहाटे चुलीवर तापवून
बादल्यांनी पुन्हा भरायचं.
तेवीस हिवाळे,
एक रात्र सोडून.

त्या रात्री इंजिन फुटलं, तो आवाज
गल्लीच्या टोकाला एसेनकुलनी अंथरुणात ऐकला.
त्यांना वाटलं, नदी तडकली.
आठ महिने पगार कापला.
कचेरीत विचारलं, विसरलास कसा?
बाबा म्हणाले, विसरलो.

आई सांगते, विसरले नव्हते.
तोटीपाशी वाकलेच होते,
एवढ्यात दवाखान्यातून माणूस धावत आला.

माझ्याआधी एक मुलगा होता.
त्याचा फोटो नाही घरात.
इंजिनाचा आहे, चौकशीसाठी काढलेला:
भेग वरपासून खालपर्यंत,
बाजूला मोजायला ठेवलेली पट्टी.

साइकाल आजी येऊन मागच्या सीटवर बसल्या आहेत,
मांडीवर कुरुतचं पोतं, वाळल्या दह्याचा आंबट वास.
दोन विद्यार्थी फोनवर, बोटं बाहीत.
चौथा गृहस्थ बिश्केकचा, टायरला लाथ मारून बघतो,
मग माझ्याकडे, मग बॉनेटकडे.
मी बघू का जरा?
बघा की. टॉर्च मागून धरा.
तो समोरून धरतो. काहीच नाहीये यात, म्हणतो.

किती? खिडकीतून बाबा.
अर्धं बोट!
ऐकलं असणार, तरी बाहेर येतात,
पायजम्यावर मेंढीच्या कातड्याचा कोट, बूट उलटसुलट.
मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत,
टॉर्च कुठूनही धरला तरी त्यांना सारखाच.
ते हातमोजा काढतात
आणि टाकीच्या झाकणाला हात लावतात,
तळव्याने नाही, मागच्या बाजूने,
लहान मुलाचा ताप बघतात तसा.

बराच वेळ.
गृहस्थ घड्याळाकडे बघतो.

गार आहे, म्हणतात. उघड आता.

मी खुणेपर्यंत ओतते, थेंबभरही वर नाही.
झाकणातला उरलेलाही ओतते.
तोसोल गोड लागतो म्हणे;
गेल्या साली एसेनकुलकडचं पिल्लू
असंच काहीतरी चाटून गेलं.
झाकण मूठभर बर्फाने आतून घासते,
पुन्हा एकदा घासते,
खिशात टाकते.

बाबा, आत जा आता.
ते जात नाहीत.
इंजिन सुरू होऊन त्याचा आवाज सरळ होईपर्यंत
बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात.